पट्टी, नाद आणि मोल : पियानोच्या तीन शतकांचा हिशेब

मुलाला किंवा मुलीला पियानो शिकवावा असे ज्या घरात ठरते, त्या घरापुढे लगेच तीन प्रश्न उभे राहतात. वाद्याच्या पट्ट्या बोटांना कशा लागतात? त्याचा नाद कसा आहे? आणि त्याचे मोल किती? आजकाल हे प्रश्न बहुधा डिजिटल पियानोच्या संदर्भात विचारले जातात. कारण तारांचा पियानो विकत घेणे आणि तो किनारपट्टीच्या दमट हवेत सांभाळणे हे सामान्य कुटुंबाला परवडणारे नाही. दुकानात पाऊल टाकताच मात्र प्रश्नांचा क्रम उलटा होतो. आधी किंमत विचारली जाते, मग विक्रेता बटणे दाबून नाना वाद्यांचे आवाज ऐकवतो, आणि पट्टीची चौकशी करायची राहूनच जाते.

हे तिन्ही प्रश्न आजचे नव्हेत. पियानोचा जन्म झाला तेव्हापासून ते त्याच्यासोबत चालत आले आहेत. त्या वाद्याचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुनःपुन्हा ध्यानात येते. पियानो जेव्हा जेव्हा स्वस्त झाला, तेव्हा तेव्हा पहिली काटछाट बहुधा पट्टीच्या आत, नजरेआड झाली. आणि हरवलेला तो स्पर्श वादकांच्या बोटांनी पुढे परत मागून घेतला. या देवघेवीची हकिगत पालकांना उपयोगी पडेल, म्हणून ती येथे थोडक्यात सांगत आहे.

फ्लॉरेन्सचा कारागीर

सतराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील श्रीमंत घरांत पट्ट्यांची दोन तंतुवाद्ये प्रचलित होती. पहिले हार्पसिकॉर्ड. त्याची पट्टी दाबली की पक्ष्याच्या पिसाचा एक बारीक काटा तार छेडीत असे. आवाज स्वच्छ आणि खणखणीत. परंतु पट्टी हळू दाबा की जोराने, आवाज जवळजवळ तेवढाच. दुसरे क्लॅव्हिकॉर्ड. त्यात पट्टीच्या टोकाची पितळी पात तारेला जाऊन भिडे, त्यामुळे बोटाचा प्रत्येक भाव तारेपर्यंत पोहोचत असे. परंतु आवाज इतका नाजूक की शेजारच्या खोलीतही तो नीट ऐकू येऊ नये. एकाजवळ आवाज होता, दुसऱ्याजवळ स्पर्श होता.

या दोहोंचा मेळ घातला तो बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने. १६५५ साली पादुआ येथे जन्मलेला हा मनुष्य १६८८ पासून फ्लॉरेन्स येथे राजपुत्र फेर्दिनांदो दे मेदिची यांच्या पदरी वाद्ये बनविण्याचे व सांभाळण्याचे काम करीत होता. मेदिची घराण्याच्या वाद्यांची जी यादी १७०० साली झाली, तीत त्याच्या नव्या वाद्याची नोंद आहे. हळू आणि जोराने, म्हणजे इटालियन भाषेत ‘पियानो’ आणि ‘फोर्ते’, असे दोन्ही प्रकारे वाजणारे वाद्य, असे त्याचे वर्णन तेथे केले आहे. आजचे नाव त्यातूनच आले. याचा अर्थ असा की वाद्याला नाव मिळाले ते त्याच्या पट्टीच्या गुणावरून.

क्रिस्तोफोरीने पिसाच्या काट्याऐवजी चामडे लावलेली हातोडी बसविली. परंतु नुसत्या हातोडीने काम भागत नाही. पट्टीने ढकललेली हातोडी तारेला टेकून राहिली, तर तार कंप पावू शकत नाही. आवाज जागच्या जागी दबतो. म्हणून हातोडी तारेवर आदळण्यापूर्वी, अगदी अखेरच्या क्षणी, पट्टीपासून सुटली पाहिजे. उरलेले अंतर तिने फेकलेल्या चेंडूप्रमाणे आपल्या वेगाने कापले पाहिजे आणि तारेला मारून लगेच मागे पडले पाहिजे. या सुटकेच्या यंत्रणेला ‘एस्केपमेंट’ म्हणतात. पियानोचे सारे मर्म या एका सुटकेत आहे. वादक खरे म्हणजे तार वाजवीत नाही. तो हातोडी फेकतो. किती वेगाने फेकावी एवढेच त्याच्या हाती असते, आणि त्या वेगाचा अंदाज त्याला पट्टीच्या वजनावरून येतो. क्रिस्तोफोरीचे तीन पियानो आजही शिल्लक आहेत. १७२० चा न्यूयॉर्कमध्ये, १७२२ चा रोममध्ये आणि १७२६ चा लाइपझिगमध्ये आहे.

दोन थोर ग्राहक

स्किपिओने माफेई या विद्वानाने १७११ मध्ये या शोधावर आकृतीसह लेख लिहिला. १७२५ मध्ये त्याचा जर्मन अनुवाद प्रसिद्ध झाला आणि चर्चचे ऑर्गन बांधणारे गॉटफ्रीड झिल्बरमान पियानो बनवू लागले. त्यांचे सुरुवातीचे वाद्य योहान सेबास्टियन बाख यांनी वाजवून पाहिले. बाख यांचे शिष्य आग्रिकोला यांनी ही हकिगत लिहून ठेवली आहे. नादाची गुरुजींनी स्तुती केली. पण उंच सप्तकातील स्वर दुबळे आहेत आणि पट्ट्या फार जड आहेत, असे दोन दोषही स्पष्ट सांगितले. झिल्बरमान यांना ते लागले. तरी त्यांनी वाद्य सुधारण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली आणि अखेर बाख यांची पसंती मिळविली. १७४७ साली पोट्सडॅम येथे राजा फ्रेडरिक यांच्यापुढे बाख यांनी झिल्बरमान यांचेच पियानो वाजविले. पट्टी आणि नाद या दोन कसोट्यांवर पियानोची परीक्षा झाल्याचे हे फार जुने उदाहरण होय.

तिसरी कसोटी, म्हणजे मोल, मोझार्टच्या पत्रात सापडते. ऑक्टोबर १७७७ मध्ये एकवीस वर्षांचा मोझार्ट आउग्सबुर्ग येथे योहान आंद्रेआस श्टाइन यांच्या कारखान्यात गेला आणि तेथील वाद्यांविषयी त्याने वडिलांना सविस्तर लिहिले. तोपर्यंत त्याला श्पेट नावाच्या कारागिराची वाद्ये आवडत असत. आता मात्र तो श्टाइन यांच्या बाजूचा झाला होता. कारण तो असे देतो की पट्टी कशीही दाबली तरी स्वर सारखा उमटतो, मध्येच खरखरत नाही किंवा गळून पडत नाही. शिवाय या वाद्यांत एस्केपमेंट आहे, आणि शंभरांतला एखादाच कारागीर त्यासाठी कष्ट घेतो. श्टाइन हे नादफलकाची लाकडी फळी ऊन, पाऊस व बर्फात ठेवून मुद्दाम तडकू देत, मग त्या भेगांत पाचरी चिकटवून ती पक्की करीत, हेही तो कौतुकाने सांगतो. असा पियानो तीनशे गुल्डनहून कमी किमतीला मिळत नाही, याची नोंद करून त्यामागच्या मेहनतीचे मोल पैशात होत नाही, असा अभिप्रायही त्याने दिला आहे.

तीनशे गुल्डन म्हणजे किती? साल्झबुर्गच्या ज्या नोकरीतून तो नुकताच बाहेर पडला होता, तेथे त्याला वर्षाला दीडशे गुल्डन मिळत असत. म्हणजे दोन वर्षांचा पगार. १७७९ मध्ये दरबारी ऑर्गनवादक म्हणून त्याची पुन्हा नेमणूक झाली तेव्हा पगार साडेचारशे झाला. तरीही तो पियानो म्हणजे आठ महिन्यांची कमाई होती. चांगली पट्टी ही तेव्हा सरदार-दरकदारांनाच परवडणारी चीज होती.

स्वस्ताईची पहिली लाट

याच सुमारास लंडनमध्ये योहानेस झुम्पे हा जर्मन कारागीर वेगळ्या वाटेने चालला होता. १७६६ पासून तो मेजासारखे आयताकृती, छोटेखानी पियानो बनवू लागला. मध्यमवर्गीय घराच्या बैठकीत सहज मावणारे आणि तुलनेने पुष्कळ स्वस्त असे हे वाद्य होते. २ जून १७६८ रोजी सेबास्टियन बाख यांचे धाकटे चिरंजीव योहान क्रिस्टियान बाख यांनी लंडनच्या जाहीर मैफलीत पियानोवर एकल वादन केले, ते अशाच वाद्यावर. हे क्रिस्टियान बाख इटलीत असताना कॅथलिक झाले होते आणि १७६० मध्ये मिलानच्या कॅथेड्रलचे ऑर्गनवादक म्हणून नेमले गेले होते, ही गोष्ट आपल्या वाचकांस रुचेल.

झुम्पेने किंमत कशी उतरविली? त्याने एस्केपमेंटच गाळून टाकले. पट्टीवर उभ्या केलेल्या तारेच्या टोकाला चामड्याची एक गुंडी, आणि ती गुंडी हातोडीला वर ढकलणार, एवढीच सोपी रचना. बाहेरून पाहणाऱ्याला काही उणे दिसत नसे. परंतु मोझार्टने ज्या गुणासाठी श्टाइन यांना डोक्यावर घेतले, तो गुण येथे नव्हता. तरीही झुम्पेला नावे ठेवणे योग्य होणार नाही. त्याच्यामुळे हजारो घरांत पियानो शिरला. स्वस्त वाद्य हे पाप नव्हे. आपण कशाच्या बदल्यात स्वस्ताई घेतली, हे मात्र ठाऊक असावे.

बोटांची मागणी थांबली नाही. पॅरिसच्या सेबास्त्यां एरार यांच्या दुहेरी एस्केपमेंटचे पेटंट १८२१ मध्ये घेण्यात आले. पट्टी पूर्ण वर येण्याआधीच, अर्ध्या वाटेवरून, तोच स्वर पुन्हा वाजविण्याची सोय त्यात होती. जलद गतीने एकच स्वर वाजविणाऱ्यांना हे वरदान ठरले आणि आजच्या ग्रँड पियानोची पट्टी मूलतः एरार यांचीच आहे. तिकडे अमेरिकेत १८२५ मध्ये आल्फियस बॅबकॉक यांनी अखंड ओतीव लोखंडी चौकटीचे पेटंट घेतले. पुढे तारांचा ताण वाढत गेला, नाद भारदस्त झाला, आणि वाद्याचे वजन व मोलही वाढले.

मग सामान्य घरांसाठी उभा पियानो आला. त्याने जागा वाचविली, पैसा वाचविला. पण ग्रँड पियानोची हातोडी स्वतःच्या वजनाने खाली पडते, तर उभ्या पियानोची हातोडी आडवी धावते, म्हणून तिला परत आणण्यास स्प्रिंग आणि फीत लागते. पट्टीची चपळाई तेवढी कमी झाली. स्वस्ताईचा हप्ता पुन्हा पट्टीनेच भरला.

आपल्या देशात

हिंदुस्थानात पियानो आला तो युरोपीय लोकांबरोबर. येथील हवेत लाकूड फुगते, नमद्याला कसर लागते, तारा गंजतात आणि पावसाळ्यात पट्ट्या अडकून बसतात. म्हणून सागवानी लाकडाचे, पितळी स्क्रूंनी जखडलेले खास पियानो उष्ण प्रदेशांसाठी तयार होत असत. गोव्यात धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन, गायन आणि व्हायोलिन यांचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या मिळत आले आणि त्या शिक्षणावर पुढे मुंबईची कित्येक वाद्यवृंदे उभी राहिली. परंतु पियानो मात्र मोजक्या घरांची मिरास राहिला.

सर्वसामान्यांना पट्टीची ओळख झाली ती पेटीमुळे. आलेक्सांद्र दबें यांनी १८४२ साली पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला मांडी घालून, एका हाताने भाता हलवीत वाजविण्याजोगे रूप दिले. पेटीने भजनापासून नाट्यसंगीतापर्यंत आपला संसार थाटला. तथापि पेटीची पट्टी ही केवळ हवेची झडप उघडते. आवाज लहानमोठा करणे भात्याच्या हाती असते. पेटीवर तयार झालेल्या बोटांना स्वरांची जागा अचूक कळते, परंतु पट्टीचे वजन ओळखीचे नसते. पेटी येणारा मुलगा पियानोवर बसला की सारे स्वर एकाच जोराने वाजवितो, त्याचे कारण हेच.

चर्चच्या ऑर्गनचेही असेच आहे. त्याच्या पट्टीमागे हातोडी नसते. हवा नळ्यांत शिरते आणि पट्टी दाबून धरली आहे तोवर स्वर अखंड वाहतो. उपासनेत ऑर्गनला मान मिळाला, तो याच अखंड स्वरामुळे. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पवित्र संगीतासंबंधी जो आदेश काढला, त्यात ढोल, झांजा यांच्याबरोबर पियानोलाही चर्चमध्ये मनाई करण्यात आली होती. साठ वर्षांनंतर, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक संविधानाने नळ्यांच्या ऑर्गनचा गौरव कायम ठेवून, पवित्र कार्याला साजेशी अन्य वाद्येही अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरण्यास मोकळीक दिली. आज अनेक चर्चमधून डिजिटल वाद्य वाजते, त्यामागे ही परवानगी आहे.

येथे एक व्यावहारिक भेद सांगणे अगत्याचे आहे. गायनमंडळाच्या साथीसाठी जर मुख्यतः ऑर्गनचा आवाज हवा असेल, तर हलक्या पट्ट्यांचे वाद्य चालू शकते. किंबहुना ते सोयीचे पडते. घरी मुलांना पियानो शिकवायचा असेल तर ते चालत नाही. चर्चमध्ये जे वाद्य ठीक आहे तेच घरी घ्यावे, असा विचार करणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

जपानची कामगिरी

१८८७ साली जपानमधील हामामात्सू गावच्या शाळेतील पायपेटी बिघडली. वैद्यकीय उपकरणे दुरुस्त करणारे तोराकुसू यामाहा यांनी ती दुरुस्त केली, आणि मग स्वतःच तशी बनवून पाहिली. त्यातून १८९७ मध्ये कंपनी उभी राहिली आणि १९०० मध्ये तिने पियानो बनविण्यास आरंभ केला. तेथेच तयार झालेल्या कोइची कावाई यांनी १९२७ मध्ये आपला स्वतंत्र उद्योग काढला. पुढे डिजिटल पियानोच्या जगात जी नावे दुमदुमली, त्यांतील दोघांचे मूळ असे एकाच गावात आहे.

विजेची वाद्ये आली तेव्हा झुम्पेचीच कथा नव्याने घडली. कासिओने १९८० मध्ये घराघरांत परवडेल असा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड बाजारात आणला. अशा वाद्यांची पट्टी म्हणजे दिव्याच्या बटणासारखी असे. दाबली की आवाज सुरू, सोडली की बंद. हळू-जोराचा प्रश्नच नाही. हार्पसिकॉर्ड जणू प्लास्टिकचा अंगरखा घालून परत आला. लाखो मुलांनी त्यावर पहिले सूर वाजविले, हा त्याचा उपकारच; परंतु पियानोचे जे नाव, तो गुण त्यात नव्हता.

वळण आले १९८३ मध्ये. त्या वर्षी यामाहाने ‘क्लॅव्हिनोव्हा’ या नावाने घरगुती पियानो आणला, आणि त्याच वर्षी निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू शकतील अशी ‘मिडी’ नावाची सामायिक भाषा रूढ झाली. तिच्यासाठी झटणाऱ्यांत रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ हे प्रमुख होते. या भाषेत प्रत्येक आघाताचा जोर १ ते १२७ या आकड्यांत सांगितला जातो. तो मोजण्याची युक्ती मोठी साधी आहे. पट्टीखाली एकापुढे एक असे दोन स्पर्शबिंदू असतात. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचायला पट्टीला किती वेळ लागला, हे यंत्र मोजते. वेळ कमी तर आघात जोराचा. वजनासाठी पट्टीला प्रत्यक्ष हातोडीसारखा एक भार जोडतात आणि तो खर्जाकडे अधिक, उंच स्वरांकडे कमी ठेवतात. कारण तारांच्या पियानोतही तसेच असते. पुढे काही वाद्यांत तिसरा स्पर्शबिंदू आला. त्यामुळे पट्टी पूर्ण वर न येताही स्वर पुन्हा वाजू लागला. एरार यांनी १८२१ मध्ये लाकूड, चामडे आणि स्प्रिंग यांच्या साहाय्याने जे साधले, तेच येथे विजेच्या मदतीने साधले गेले.

नादाची गोष्ट निराळी. उत्तम ग्रँड पियानोचा एकेक स्वर ध्वनिमुद्रित करून स्मृतीत साठवायचा आणि पट्टी दाबताच तो ऐकवायचा, ही मुख्य रीत. पूर्वी स्मृती महाग होती, म्हणून एकच मुद्रित स्वर ताणून शेजारच्या चार पट्ट्यांना पुरवीत. स्मृती स्वस्त झाली तसा नाद झपाट्याने सुधारला. २००९ मध्ये रोलँडने मुद्रित स्वराऐवजी तारेचे गणितच मांडून नाद घडविणारा पियानोही काढला. म्हणजे नाद दिवसेंदिवस स्वस्त होत गेला. पट्टी मात्र अजूनही लाकूड, धातू आणि प्लास्टिक यांचीच करावी लागते, तिचा खर्च तसा घटत नाही.

एक दोन उदाहरणे पाहू. यामाहाने २०१५ मध्ये आणलेल्या ‘पी-४५’ या स्वस्त वाद्यात एका वेळी ६४ स्वर निनादू शकत. २०१८ च्या ‘पी-१२५’ मध्ये १९२. नाद चांगला, किंमत अधिक. परंतु दोहोंची पट्टी एकाच जातीची होती. जादा पैसा नादावर गेला, पट्टीवर नव्हे. उलट रोलँडने २०१९ च्या आपल्या स्वस्त ‘एफपी-१०’ मध्ये महाग ‘एफपी-३०’ चीच तीन स्पर्शबिंदूंची पट्टी दिली आणि काटकसर ध्वनिक्षेपकांत केली. ही दुसरी काटकसर शिकणाऱ्याला कमी बाधते. कारण ध्वनिक्षेपक लहान असला तर कानाला हेडफोन लावता येतो, बोटाला मात्र दुसरी पट्टी लावता येत नाही. आणि यामाहाने २००९ मध्ये ‘अव्हांतग्रँड’ काढला तेव्हा तर तारा काढून टाकल्या, पण पट्टीची यंत्रणा खऱ्या ग्रँड पियानोची ठेवली. मोल मोठे आहे. परंतु मोठे मोल देणारा काय मागतो, हे त्यावरून कळते.

पारख कशी करावी

तात्पर्य, दुकानात गेल्यावर क्रम सुलटा करावा. प्रथम वाद्य बंद असतानाच पट्ट्या दाबून पाहाव्यात. ८८ पट्ट्या आहेत का, खर्जाकडे वजन जाणवते का, पट्टी खाली टेकताना खडखडते का, हे आवाजाविना अधिक नीट कळते. मग वाद्य सुरू करून एकच स्वर अगदी अलवारपणे, मग थोडा जोराने, मग पूर्ण जोराने वाजवावा. त्यात पायऱ्या न दिसता उतार दिसला पाहिजे. तोच स्वर जलद पुनःपुन्हा वाजवून तो गळतो का ते पाहावे. त्यानंतर पेडल दाबून अनेक स्वर साचू द्यावेत आणि आधीचे स्वर मध्येच तुटतात का, तिकडे कान द्यावा. शेकडो वाद्यांचे आवाज आणि ठेक्यांची बटणे यांना भुलू नये. ती शिकणाऱ्या मुलाच्या कामाची नसतात. मूल परीक्षेला बसणार असेल तर कोणते वाद्य चालते, हे शिक्षकांना आधीच विचारावे. अखेरीस किंमत विचारावी. वजनदार पट्टीचे, साध्या नादाचे वाद्य आणि हलक्या पट्टीचे, झगमगीत वाद्य एकाच किमतीत मिळत असतील, तर पहिलेच घ्यावे. घरी आणल्यावर त्यावर कापड घालावे. कारण धूळ आणि खारी, दमट हवा स्पर्शबिंदूंत शिरली की स्वर एकाएकी ओरडू लागतात किंवा मुके होतात.

पैसे बेताचे असतील तर थोडे थांबून साठवावेत, किंवा चांगल्या स्थितीतील वापरलेले वाद्य जाणकाराला दाखवून घ्यावे. आणि तेही जमत नसेल तर हलक्या पट्टीवर आरंभ करण्यास हरकत नाही. झुम्पेच्या पियानोवरही मोठमोठे वादक वाजवून गेले. फक्त आपल्या मुलाची बोटे कशावर घडत आहेत, हे आईवडिलांस माहीत असावे, आणि वर्ष-दोन वर्षांत ती बोटे अधिक काही मागू लागली, तर ती मागणी हट्ट म्हणून झिडकारू नये. बाख यांनी झिल्बरमान यांच्याकडे जे मागितले, तेच ती मागत असतात.